हरल्याचे पैसे

"इथं एक सही कर, आणि इथं एक," अभ्यंकर सरांनी दोन कागद पुढे सरकवले.

उर्मिलाच्या कपाळावरचा घाम अजून वाळला नव्हता. हाताला कोर्टाची लाल माती होती, ती तिने टॉवेलला पुसली आणि पहिल्या कागदावर सही केली. सरांनी पांढरं पाकीट तिच्या हातात दिलं. दुसऱ्या कागदापाशी ती थांबली.

"हा कशाचा, सर?"

"देणगीची पावती. तुझ्या नावाने करून ठेवलीय. आपल्या क्लबची पद्धत आहे. वाइल्ड कार्डवर खेळणारे आपले खेळाडू बक्षिसाची रक्कम क्लबला देतात. पाकीट घ्यायचं, सही करायची आणि पाकीट इथंच ठेवायचं."

"मला कुणी सांगितलं नव्हतं."

"आता सांगतोय ना."

उर्मिलाने माझ्याकडे पाहिलं. मी तंबूच्या खांबापाशी तिची रॅकेटची पिशवी धरून उभा होतो. तिने पेन टेबलावर ठेवलं.

"आज राहू दे, सर. घरी विचारते."

"विचार की. आबांना माझा नमस्कार सांग," सर हसून म्हणाले आणि त्यांनी पावतीवर पेपरवेट ठेवला.

उर्मिला गेली त्याला येत्या आषाढात दोन वर्षं होतील. घरी भेटायला येणारी माणसं शोकेसमधल्या कपांकडे बघून बोलतात. किती जिंकल्या होत्या वहिनी, म्हणतात. जिंकली होती, खरं आहे. सांगली जिल्ह्यात दहा-बारा वर्षं तिला हरवणारी कुणी नव्हती. आमच्याकडच्या स्पर्धांमध्ये पुरुषांना रोख रक्कम मिळायची आणि बायकांना कप आणि भांडी. एका वर्षी आमच्या घरात तीन प्रेशर कुकर झाले होते. पण कपांकडे बघून मला काही होत नाही. मला आठवतो तो ती हरली तो आठवडा.

त्या वर्षी सांगलीत पहिल्यांदाच बायकांची व्यावसायिक टेनिस स्पर्धा आली होती. देशोदेशीच्या मुली आल्या होत्या. त्या गावोगाव फिरून खेळतात आणि त्यावरच जगतात. सगळं मिळून बक्षीस दहा हजार डॉलर. अशा स्पर्धेत दोन-तीन जागा क्लबला आपल्या मर्जीने भरता येतात, त्याला वाइल्ड कार्ड म्हणतात. उर्मिला क्लबवर संध्याकाळी पोरांना शिकवायची, म्हणून अभ्यंकर सरांनी एक जागा तिला दिली. ते क्लबचे सेक्रेटरी होते. ती तेव्हा एकतीस वर्षांची होती. टेनिस तिला वडिलांनी शिकवलं. ते मिरजेत रेल्वेच्या साहेबांबरोबर खेळायला ठेवलेले मार्कर होते. साहेब आला नाही तर ते पोरीला समोर उभी करायचे.

पहिल्याच फेरीत ती ताश्कंदच्या दिलनोझा नावाच्या मुलीकडून हरली. सहा-तीन, सात-पाच. दुसऱ्या सेटमध्ये पाच-तीन पुढे होती, तिथून हरली. पण अशा स्पर्धेत पहिल्या फेरीत हरणाऱ्यालाही थोडे पैसे मिळतात. कर कापून ते चार हजार रुपयांच्या आसपास होते.

स्कूटरवरून घरी जाताना मी विचारलं, "ती पोरगी जाळीपाशी तुझा हात धरून काय सांगत होती?"

"पुढच्या आठवड्यात सोलापूरला अशीच स्पर्धा आहे. तिला डबल्सला जोडीदार नाही. मला म्हणाली, तू ये."

"तुला तिचं इंग्रजी कळलं?"

"तिचं माझ्याएवढंच आहे. 'यू, मी, सोलापूर, डबल्स.' ह्याच्यात न कळण्यासारखं काय आहे?"

"मग?"

"मग काय, जायचं. नाव तिथं जाऊन द्यायचं असतं." तिने पाकीट ठेवलेल्या पिशवीवर थाप मारली. "एसटीचं भाडं, राहणं, खाणं, सगळं ह्यात होतंय. तुमच्याकडे मागायला नको."

मी कुपवाडला एमआयडीसीत लेथवर होतो. पगारात घर चालायचं, पण टेनिससाठी एखाद्या गावाला जाऊन राहायचं म्हटलं तर दहादा विचार करावा लागे. आणि दहादा विचार केला की ती जायची नाही. म्हणून तोवर जिल्ह्याबाहेर ती खेळलीच नव्हती. हे पाकीट राहिलं तर सोलापूर होतं, नाहीतर नव्हतं.

आमच्या घरी एक रीत होती. कुणाचीही कमाई आली की आधी देवापुढे ठेवायची, मग आबांच्या हातात द्यायची. आबा म्हणजे माझे वडील, दत्तू पैलवान. सत्तरीला आले होते, पण पहाटे तालमीत जाऊन पोरांना जोर मारायला लावायचे. उर्मिलाच्या खेळण्याला त्यांची कधी ना नव्हती. "अंगानं कष्ट करणारी पोरगी हाय," म्हणायचे. पण तिचा खेळ बघायला ते एकदाही आले नव्हते. टेनिसचे ते आखूड कपडे. सुनेला तशी सासऱ्याने बघू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

उर्मिलाने पाकीट देवापुढे ठेवलं आणि आबांना बोलावलं.

"जिकलीस?"

"नाही आबा, हरले."

"मग ह्ये कशाचं?"

"हरल्याचे पैसे."

आबांनी पुढे केलेला हात मागे घेतला. "कुणी दिलं?"

"स्पर्धेवाल्यांनी."

"हरल्याबद्दल?"

"सगळ्यांनाच देतात. जिंकत जाईल तिला जास्त, पहिल्यांदा हरेल तिला सगळ्यांत कमी."

आबांनी पाकिटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "पोरी, मी चाळीस वर्सं मैदानं बघितली. कुस्ती बरोबरीत सुटली तर इनाम निम्मं-निम्मं. आणि चीत झाला त्याला नारळबी न्हाई. चीत झालेल्याच्या हातात पैसा कवा दिसतो ठावं हाय? कुस्ती इकली की."

उर्मिलाला हसू आलं. तिला वाटलं, आबा चेष्टा करतायत.

"आबा, अहो, टेनिसमध्ये तसं नसतं."

"पैसा सगळीकडं सारखाच असतो. उचल ते देवापुढनं."

तिने पाकीट उचललं. त्या रात्री आबा न जेवता झोपले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला जाताना तालमीच्या कट्ट्यापाशी गुंडू अण्णांनी मला हाक मारली. गुंडू अण्णा मगदूम म्हणजे आबांच्या जोडीचे पैलवान. कट्ट्यावर चार-पाच जण होते, आबाही होते.

"काय जयवंता, सूनबाईंनी पैसं घिऊन पाठ टेकली म्हनं?"

"अण्णा, तसं काही नाही."

"मग कसं? किती दिलं त्या गोऱ्या पोरीनं?"

"तिनं नाही, स्पर्धेवाल्यांनी दिलं."

"म्हंजे पुढाऱ्यानंच कुस्ती ठरवली म्हणायची की! नुरा ती नुराच." कट्टा हसला. नुरा म्हणजे आधीच ठरवून, पैसे घेऊन केलेली कुस्ती. आमच्या भागात माणसाला शिवी चालते, हा शब्द चालत नाही.

आबा हसले नाहीत आणि अण्णांना काही बोललेही नाहीत. मला वाटतं, पहाटे त्यांनीच अण्णांना विचारलं असणार, हरल्याला कुठं पैसे देतात का म्हणून. अण्णांनी आपल्या परीने उत्तर काढलं होतं.

संध्याकाळी मी उर्मिलाला म्हणालो, "देऊन टाक ना. क्लबलाही तेच पाहिजे, आबांनाही तेच पाहिजे. दोन्हीकडून मोकळी होशील."

ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही.

"तुमच्या हातून एखादा जॉब बिघडला तर त्या दिवसाचा पगार परत देता?"

"कापतात थोडा."

"सगळा?"

"सगळा कसा कापतील? दिवसभर उभं राहिलेलो असतो."

"मग?" तिने भाकरी तव्यावर टाकली. "मी काय दोन तास तिथं बसले होते?"

"अगं, मला कळतंय. आबांना कसं सांगायचं?"

"तुम्हाला कळत असेल तर तुम्ही सांगा."

मी सांगितलं नाही. सांगायची वेळही आली नाही, कारण जेवताना आबाच म्हणाले, "उद्या मी येतो तुमच्या त्या क्लबवर. ह्ये पैसं त्यांच्या टेबलावर ठिवायचं, माझ्यादेखत. आणि जिनं हरवलंय तिला मला बघायचंय."

"तिला कशाला, आबा?" उर्मिलाने विचारलं.

"पैसं देऊन जिकणारं माणूस माझ्या एका नजरंत कळतं."

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. आबा धुतलेलं धोतर आणि पटका घालून आले. क्लबच्या पोरांनी त्यांच्यासाठी पुढची खुर्ची आणली, तर ते मुद्दाम शेवटच्या रांगेत जाऊन बसले. उर्मिला साडी नेसून आली होती. पाकीट तिच्या पर्समध्ये होतं.

दिलनोझाचा दुसऱ्या फेरीचा सामना चालू होता आणि ती वाईट हरत होती. समोरची मुलगी फारच भारी होती. पहिला सेट सहा-एक गेला. दुसऱ्यात शून्य-पाच.

"ती उंच, ती का?" आबांनी विचारलं.

"हो."

"हरतीय की."

"हरतीय."

एक चेंडू जाळीच्या अगदी जवळ पडला. दिलनोझा मागून धावत आली, अंग झोकून दिलं, चेंडू कसाबसा पलीकडे गेला आणि ती गुडघ्यावर घसरत गेली. समोरच्या मुलीने तो आरामात मारला. दिलनोझा उठली. गुडघ्यातून रक्त येत होतं. तिने त्यावर माती चोळली आणि पुढच्या चेंडूसाठी जाऊन उभी राहिली.

आबा खुर्चीत पुढे सरकले. "आता काय ऱ्हायलंय हिचं? एवढी का पळतीय?"

"शेवटचा चेंडू होईपर्यंत पळायचं असतं, आबा."

"तू पळालीस परवा?"

उर्मिलाने मान हलवली. मग तिने साडीचा काठ वर धरून डावा गुडघा दाखवला. खपली धरली होती. मला ते माहीत नव्हतं.

आबांनी पाहिलं आणि लगेच नजर वळवली. थोड्या वेळाने कुणाला न सांगता बोलल्यासारखे म्हणाले, "इकलेली कुस्ती लांबनं कळती. माणूस मऊ पडतो. कापसाच्या गादीवर पडल्यावानी."

सामना संपला. अभ्यंकर सर आणि फोटोवाले जिंकलेल्या मुलीकडे गेले. दिलनोझा बाकावर एकटीच बसून गुडघा धूत होती. मग तिने तीन रॅकेटी भरल्या, टेबलावर जाऊन सही केली, पाकीट घेतलं आणि आपल्याएवढी मोठी बॅग ओढत फाटकाकडे निघाली. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. आम्ही दिसल्यावर ती थांबली.

"सोलापूर?" तिने उर्मिलाला विचारलं.

उर्मिलाने आबांकडे पाहिलं. आबा त्या बॅगेकडे बघत होते.

"ही चालली कुठं?"

"स्टेशनला. हरलं की खोली सोडावी लागते. आता सोलापूरला जाऊन थांबेल."

"हिच्यासंगं कोण हाय?"

"कुणी नाही, आबा."

"बाप, भाऊ?"

"एकटीच फिरते. ह्या पैशावर."

आबा खाली बसले, भिंतीच्या कडेला, जमिनीवरच. आम्ही तिघं उभेच.

"कवठ्याच्या मैदानाला मी हरलो हुतो," ते म्हणाले. "जयवंता, तू झाला न्हवतास तवा. जिकला त्याला लोकांनी खांद्यावर घेतला. हलगी लावून, जीपगाडीत बसवून त्याच्या गावाला न्हेला. मी कापडं घालतोय तवर मैदान मोकळं. वस्ताद जीपगाडीमागं गेलं. कनवटीला एक पैसा न्हाई. चालत आलो. वाटंत एका मळ्यात कच्ची वांगी खाल्ली." ते थांबले. "जिकल्याला लोक घरी पोचवत्यात गं. हरल्याला कोण पोचवतं?"

दिलनोझाला काहीच कळत नव्हतं, तरी ती बॅगेवर हात ठेवून ऐकत उभी होती.

तेवढ्यात अभ्यंकर सर लगबगीने आले. "आबा! तुम्ही स्वतः आलात? वा, वा. उर्मिला, पावती तयार आहे बघ."

"पावती कशाची?" आबांनी बसूनच विचारलं. क्लबच्या पद्धतीबद्दल त्यांना आम्ही काहीच सांगितलं नव्हतं.

सरांनी समजावून सांगितलं. बोलायला ते फार चांगले होते. क्लबचा खर्च, चेंडूंचा भाव, जाळ्या, आपल्या गावाचं नाव, सगळं आलं त्यात.

"आन् ह्या पोरीकडनं घेतलं का?" आबांनी दिलनोझाकडे बोट केलं.

"छे, छे. ती पाहुणी."

"आन् ही?"

"ही आपल्या घरची."

आबा उठून उभे राहिले. त्या वयातही ते सरांपेक्षा वीतभर उंच होते. "सर, पाहुण्याला आधी वाढायचं आन् घरच्यानं मागनं जेवायचं, ही रीत माझ्याबी घरात हाय. पर वाढल्याव घरच्याच्या ताटातलं उचलून न्ह्यायचं, ही रीत न्हाई."

"आबा, तुमचा गैरसमज होतोय. सक्ती नाही कुणाला. उर्मिला, तूच सांग. तुझी इच्छा असेल तरच."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. मीही. मला आठवतंय, तिने पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

"नाही, सर," ती म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"माझी इच्छा नाही. मला सोलापूरला जायचंय."

सरांचं हसू तसंच राहिलं, पण आवाज बदलला. "ठीक आहे. तुझा प्रश्न आहे. पुढच्या वर्षी वाइल्ड कार्ड देताना मात्र कमिटीला विचार करावा लागेल."

"करा, सर."

ती दिलनोझाकडे वळली. "सोलापूर," ती म्हणाली, "येस." आणि बॅगेचा एक बंद धरला. दोघींनी मिळून ती फाटकापर्यंत नेली.

पुढच्या वर्षी तिला वाइल्ड कार्ड मिळालं नाही. शिकवण्याचं कामही दोन महिन्यांत दुसऱ्या कुणाला दिलं गेलं. नंतर ती एका शाळेत मुलींना शिकवायला लागली आणि शेवटपर्यंत तिथंच होती.

सोलापूरला तिच्याबरोबर जायला मला रजा मिळेना. आबा म्हणाले, "मी जातो." घरात कुणालाच ते खरं वाटलं नाही. पण सोमवारी सकाळी ते पटका बांधून, डबा घेऊन एसटी स्टँडवर आमच्या आधी जाऊन बसले होते.

तिथं काय झालं ते उर्मिलाने मला नंतर किती वेळा सांगितलं असेल, मोजलं नाही. शेवटच्या आजारपणात बोलायला दम लागायचा, तरी सांगायची आणि हसायची. सामना सुरू झाला तेव्हा आबा खुर्ची फिरवून कोर्टाकडे पाठ करून बसले. सून आखूड कपड्यात खेळतीय, बघायचं कसं? शेजारी सोलापूरचा एक रिटायर्ड पोस्टमन बसला होता. त्याला दर चेंडूला विचारायचे, "काय झालं? कुणी घेतला?" पहिला सेट तसाच गेला. दुसऱ्या सेटमध्ये पोस्टमन वैतागून म्हणाला, "पैलवान, मला बघू द्या की हो." तेव्हा आबा उठले, त्यांनी खुर्ची सरळ केली आणि पुढे सामना संपेपर्यंत त्यांची पापणी लवली नाही.

बुधवारी संध्याकाळी ती दोघं परत आली. मी स्टँडवर न्यायला गेलो होतो. आबांच्या खांद्यावर रॅकेटची पिशवी होती आणि उर्मिलाच्या हातात त्यांचा रिकामा डबा.

"काय झालं, आबा?"

"हरल्या." पिशवी माझ्याकडे न देता ते चालायला लागले. "तिसऱ्या डावात हरल्या, थोडक्यात. त्या उंच पोरीनं दोन चेंडू जाळीत घातलं, न्हाईतर काढली हुती. आपली पोरगी मागं उभी राहून लई भारी खेळती, पर पुढं यायला भेती. म्या सांगितलंय तिला. भ्यायचं न्हाई. अंगावर जायचं."

"सगळ्यांसमोर ओरडून सांगितलं," उर्मिला म्हणाली. "पंचाने खेळ थांबवला. समज दिली आबांना."

"मराठीत दिली आसती तर कळली आसती."

"आणि पैसे?" मी विचारलं.

"दोघींत निम्मे-निम्मे. आबाच गेले टेबलावर. तिथल्या बाईंना म्हणाले, हरलेल्यांचं इथंच मिळतं का?"

"मग काय, लाजायचं काय त्यात?"

स्कूटरवर तिघं बसणार नव्हतो, म्हणून आबांसाठी रिक्षा केली. ते आत बसले, पिशवी मांडीवर घेतली. मग बाहेर डोकं काढून त्यांनी उर्मिलाला विचारलं,

"आता फुडलं मैदान कुठं?"